रक्तातली लेव्हल: गोळ्या, रिपोर्ट आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की मानसिक आजारावरच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण, म्हणजे आपण ज्याला लेव्हल म्हणतो ते, तपासता येतं आणि त्यावरून डोस ठरवायला मदत होते. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बऱ्याच पत्रांत नुसता आकडा लिहून पाठवलाय आणि खाली "हे बरोबर आहे का?" एवढंच. खरं सांगू का, तसं सांगता येत नाही. शेवटची गोळी किती वाजता घेतली, रक्त किती वाजता दिलं, या डोसवर किती दिवस आहात, सोबत दुसरं काय चालू आहे आणि मुख्य म्हणजे तब्येत कशी आहे, एवढं कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नसतो. खालची पत्रं मी थोडी कापलीत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझ्या मिस्टरांना बायपोलर आहे, बरीच वर्षं लिथियम चालू आहे आणि त्यावर ते चांगले आहेत. मागच्या वेळी लेव्हल ०.७ होती, या वेळी एकदम १.२ आली. गोळ्या त्याच आहेत, एकही वाढवलेली नाही. रिपोर्टवर आकडा ठळक करून बाण काढलेला बघितला आणि ते घाबरले, त्यांनी परवापासून गोळ्याच बंद केल्यात. उपाशी पोटी यायची गरज नाही असं लॅबवाल्यांनी सांगितलं म्हणून ते सकाळी नाश्ता करून, नेहमीच्या सगळ्या गोळ्या घेऊन मग साडेदहाला रक्त द्यायला गेले होते. मध्ये गुडघा दुखत होता म्हणून आठवडाभर पेनकिलर पण घेत होते. आता काय करू?

उत्तर: ताई, आधी तातडीचं. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि सांगा की गोळ्या बंद केल्यात, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. लिथियम एकदम तोडलं की मॅनिया, म्हणजे बायपोलरमधली मूड अति चढल्याची अवस्था, उसळून यायची शक्यता बरीच वाढते आणि इतकी वर्षं सांभाळलेली तब्येत थोड्या दिवसांत बिघडू शकते. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून डबल डोस मात्र अजिबात देऊ नका.

आणि त्याआधी त्यांच्याकडे नीट बघा. हाताला नेहमीची बारीक थरथर असते ती वेगळी, पण हात चांगलेच जोरात हलतायत, उलट्या-जुलाब होतायत, बोलणं जड झालंय, चालताना तोल जातोय, गुंगी आहे किंवा बोलण्यात गोंधळ आहे, यातलं काही असेल तर तो लिथियमचा विषारी परिणाम असू शकतो. मग फोनबिन राहू दे, सरळ हॉस्पिटल गाठा, आणि अशा वेळी पुढची गोळी द्यायची नाही. हे नीट लक्षात ठेवा कारण काही लोकांत, विशेषतः वय झालेल्यांत, रिपोर्टचा आकडा रेंजमध्ये असतानाही ही लक्षणं दिसतात, आणि तेव्हा खरं मानायचं ते लक्षणांना.

आता तो १.२. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी जाताजाता लिहिलीय, की ते गोळ्या घेऊन गेले होते. लिथियमच्या सगळ्या रेंज, म्हणजे रोजच्या देखभालीसाठी साधारण ०.६ ते ०.८, मॅनिया जोरात असताना ०.८ ते १.० आणि क्वचित थोडं वर, या शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्तावरून ठरलेल्या आहेत. (युनिट मिलिमोल प्रति लिटर असतं, काही लॅब मिलिइक्विव्हॅलंट लिहितात, लिथियमच्या बाबतीत आकडा तोच येतो.) गोळी पोटात गेल्यावर पहिले काही तास रक्तातलं प्रमाण चढतं, मग हळूहळू उतरतं, त्यामुळे सकाळची गोळी घेऊन दोन-अडीच तासांत रक्त दिलं तर तो चढतीचा आकडा येतो आणि तो या रेंजशी लावून बघताच येत नाही. "उपाशी नको" हे लॅबचं म्हणणं बरोबरच होतं, नाश्त्याने काही बिघडत नाही, फक्त सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची हे सांगायचं राहून गेलं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊच्या आसपास रक्त द्यायचं, अर्धा तास इकडेतिकडे चालेल, पण खरी वेळ कागदावर लिहून ठेवायची.

पण म्हणून हा आकडा चुकीचाच आहे असं समजून गप्प बसू नका, कारण ते पेनकिलर. लिथियम लिव्हरमध्ये मोडत नाही, ते जसंच्या तसं किडनीतून बाहेर पडतं, आणि किडनी त्याला बरंचसं सोडियमसारखं वागवते. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवायला लागते आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. म्हणून जुलाब-उलट्या, खूप घाम, ताप, कडक उपास, किंवा बीपीसाठी अचानक बंद केलेलं मीठ, या सगळ्यात डोस तोच असूनही लेव्हल चढते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर किडनीतून लिथियम बाहेर पडणं कमी करतात. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच, लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गटातल्या आणि एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या गटांतल्या. या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर बहुतेक वेळा दुसरा असतो आणि त्याला लिथियम माहीतच नसतं, तेव्हा प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य "मी लिथियमवर आहे" हेच असू दे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, तरी एकदा विचारून घ्या.

थोडक्यात तुमच्या मिस्टरांचा १.२ नुसता वेळेमुळे आलेला असेल, नुसता पेनकिलरमुळे असेल किंवा दोन्हींचा मिळून असेल, आणि हे योग्य वेळी घेतलेल्या दुसऱ्या सॅम्पलशिवाय कळणार नाही. त्यातही आता मध्ये गोळ्या बंद झाल्यात त्यामुळे लगेच उद्या तपासून उपयोग नाही, डॉक्टर पुन्हा चालू करतील त्यानंतर ५ ते ७ दिवसांनी.

रक्त देताना अजून एक बघा. रक्त गोठू नये म्हणून काही ट्यूबमध्ये हेपॅरिन घातलेलं असतं, त्यातला एक प्रकार लिथियम हेपॅरिन आहे, म्हणजे ट्यूबमध्येच लिथियम! त्यात सॅम्पल घेतलं तर लेव्हल खोटीच वाढलेली दिसते. लॅबच्या लोकांना हे माहीत असतं पण गडबडीत एकाच ट्यूबमध्ये सगळ्या टेस्टचं रक्त घेतलं जातं. माणूस अगदी ठणठणीत आणि लेव्हल भलतीच, असं झालं तर कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं होतं हे बिनधास्त विचारा.

हे सगळं एवढं ताणून लिहितेय त्याला कारण आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियावर लिथियमचा उपयोग होतो हे छापलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत हृदयाच्या पेशंटना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरायला दिलं जात होतं, किती खायचं याला काही धरबंद नाही, रक्त कोणी तपासत नव्हतं, त्यात माणसं दगावली आणि ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. अमेरिकेत लिथियमला मॅनियासाठी मान्यता मिळाली ती थेट १९७० मध्ये. रक्तातली लेव्हल मोजायची सोय झाली म्हणून हे औषध आज सुरक्षितपणे देता येतं. लेव्हल बसल्यावर पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी, मग सगळं नीट असेल तर सहा महिन्यांनी, आणि सोबत किडनी, थायरॉइड, कॅल्शियम, हे चुकवू नका.

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा क्लोझापिनवर (स्किझोफ्रेनियावरचं औषध) आहे. दर महिन्याला रक्त तपासतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो, म्हणजे डोस बरोबर चाललाय असंच ना? दुसरं म्हणजे त्याने तीन आठवड्यांपूर्वी सिगारेट पूर्ण सोडली, दिवसाला पाकीटभर ओढायचा, घरात सगळ्यांना इतका आनंद झाला. पण तेव्हापासून सारखा झोपून असतो, सकाळी उठवत नाही, उशी लाळेने ओली झालेली असते. सिगारेट सोडल्याचा त्रास असेल, जाईल हळूहळू असं सगळे म्हणतायत.

उत्तर: आईसाहेब, हे जाईल म्हणून थांबू नका, याच आठवड्यात, जमलं तर उद्याच, त्याच्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून पहिला संशय हाच येतो की त्याच्या रक्तातलं क्लोझापिन वाढलंय.

तुमची दर महिन्याची टेस्ट ही पांढऱ्या पेशींच्या काउंटची आहे. क्लोझापिनमुळे थोड्या लोकांत या पेशी धोकादायक इतक्या कमी होतात, त्याचा जास्तीत जास्त धोका पहिल्या १८ आठवड्यांत म्हणून तेव्हा दर आठवड्याला आणि नंतर महिन्याला काउंट बघतात. ती टेस्ट हवीच, पण तो प्रकार डोसवर अवलंबून नसतो, त्यामुळे काउंट नॉर्मल आला म्हणून औषध रक्तात किती आहे हे काहीच कळत नाही. क्लोझापिनची लेव्हल ही वेगळी टेस्ट आहे, ती वेगळी सांगून करावी लागते, आणि खूप जणांची ती कधीच केलेली नसते.

आता सिगारेटचं. लिव्हरमधलं जे एन्झाइम क्लोझापिनला मोडतं त्याला सिगारेटचा धूर चेव आणतो, म्हणजे ओढणाऱ्या माणसात औषध भराभर मोडलं जातं. तुमच्या मुलाचा डोस ठरला तो तो पाकीटभर ओढत असताना. धूर बंद झाला की आठवड्याभरात एन्झाइम पुन्हा आपल्या मूळ चालीवर येतं आणि तोच डोस घेऊन लेव्हल दीडपट, कधी दुप्पटही होते. मग गुंगी, लाळ, चक्कर, बद्धकोष्ठ आणि फार वाढली तर फिट येण्याचा धोका. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही, त्यामुळे त्याला निकोटिनचे पॅच किंवा गम दिले तरी लेव्हलवर त्याचा परिणाम होत नाही, ते खुशाल वापरू दे. कृपा करून कोणी त्याला "मग ओढ बाबा परत" असं म्हणू नका. त्याने केलंय ते फार मोठं काम आहे, फक्त आता डोस त्याच्या नव्या शरीराप्रमाणे जुळवायचाय, आणि तो किती आणि कसा कमी करायचा ते डॉक्टर लेव्हल बघून ठरवतील.

लेव्हलसाठी रक्त रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. साधारण ३५० ते ६०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या पट्ट्यात बहुतेकांना फायदा दिसतो, १००० च्या वर गेली तर ती धोक्याची समजतात. खालची बाजूही तितकीच महत्त्वाची. कितीतरी मुलांच्या बाबतीत "क्लोझापिन पण लागू पडलं नाही" असं म्हणून घरचे हताश होतात आणि लेव्हल केली की ती ३५० च्या पुष्कळ खाली असते. तेव्हा औषध फेल गेलं असं म्हणायचा प्रश्नच येत नाही, ते पुरेसं दिलंच गेलेलं नसतं.

अजून काय काय चढवतं हे लिहून ठेवा: फ्लुवोक्सामिन ही ओसीडी-डिप्रेशनची गोळी (ही तर कित्येक पटींनी वाढवते), सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, खूप जास्त कॉफी, आणि कुठलंही जोरदार इन्फेक्शन. तापाच्या आजारात शरीरातली सूज त्या एन्झाइमलाच मंद करते, त्यामुळे न्यूमोनियासारख्या आजारात डोस तोच असूनही पोरगं अचानक गुंगीत जातं आणि सगळ्यांना वाटतं ताप आहे म्हणून. आणि मुलाला पोट साफ होतंय का हे आजच विचारा, लाज वाटून तो सांगणार नाही. क्लोझापिनचं बद्धकोष्ठ साधं नसतं, आतडं ठप्प होऊन जिवावर बेतू शकतं.

प्रश्न: मी एस्सिटालोप्रॅम घेते, चार महिने झाले, बरं वाटतंय. मैत्रीण म्हणते लेव्हल करून घे, आणि सेरोटोनिनची पण टेस्ट कर म्हणजे कळेल किती कमी आहे. करू का?

उत्तर: नको. बरं वाटतंय, त्रास नाही, मग लेव्हल करून कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळणार? एस्सिटालोप्रॅमच्या गटातल्या डिप्रेशनच्या औषधांत लेव्हल आणि फायदा यांचं नातं लिथियमसारखं घट्ट नाही. पुरेसा डोस पुरेसे दिवस घेऊनही काही फरक नाही, किंवा अगदी छोट्या डोसवर भलताच त्रास, किंवा वय जास्त आणि सोबत दहा औषधं, लिव्हरचा आजार, अशा वेळी डॉक्टर मागवतात आणि तेव्हा ती उपयोगी पडते. सेरोटोनिनच्या टेस्टवर तर पैसे घालूच नका. रक्तातलं सेरोटोनिन जवळजवळ सगळं प्लेटलेटमध्ये असतं, मेंदूत काय चाललंय याचा त्यावरून काही पत्ता लागत नाही. बरं वाटतंय ना, तर गोळी मध्येच सोडू नका, हेच जास्त महत्त्वाचं.

प्रश्न: माझं वय २६. सोडियम व्हॅल्प्रोएट घेते मूडसाठी. तीन वर्षांत एकही एपिसोड नाही. या वेळी लेव्हल ४८ आली, रिपोर्टवर रेंज ५० ते १०० आहे आणि माझ्यासमोर "कमी" असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले काही करायचं नाही. मला रात्रभर झोप नाही, डोस वाढवून मागू का?

उत्तर: नाही गं, तुझे डॉक्टर बरोबर आहेत. ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हा पट्टा खूप लोकांकडे बघून काढलेला आहे, ४९ ला आजार सुरू आणि ५१ ला बरा असं काही होत नसतं. तीन वर्षं एपिसोड नाही ही तुझी खरी टेस्ट, आणि ४८ ही तुझी स्वतःची रेंज आहे असं समज. तो रिपोर्ट फाडू नकोस, जपून ठेव. पुढे कधी तब्येत बिघडली आणि तेव्हा लेव्हल ३० आली तर तुझ्या ४८ शी लावून बघता येईल, छापील रेंजपेक्षा हे जास्त कामाचं. उलटही होतं. शरीरात अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, ज्याला हे औषध चिकटून फिरतं) कमी असेल, म्हणजे म्हातारपणी, लिव्हरच्या आजारात, तर एकूण लेव्हल साधी दिसते पण रक्तात मोकळं फिरणारं औषध जास्त असतं आणि माणूस पेंगत राहतो. आकडा "नॉर्मल" म्हणून तिथे फसायला होतं.

तू विचारलेलं नाहीस पण वय वाचून मला गप्प बसवत नाहीये. व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस गेले तर बाळात जन्मजात व्यंग असण्याचं प्रमाण १०० त साधारण १० आहे, आणि पुढे बोलणं, शिकणं, वाढ यात अडचणी येण्याचं १०० त ३० ते ४०. लेव्हल रेंजमध्ये आहे म्हणून हा धोका जात नाही. हे तुला कोणी समोर बसवून सांगितलंय का? सांगितलं नसेल तर पुढच्या भेटीत पहिला विषय हाच काढ, खात्रीचं गर्भनिरोधक काय, दुसऱ्या औषधावर जाता येईल का, कधी, कसं. स्वतःहून बंद मात्र करू नकोस. आणि लग्न ठरल्यावर बघू असं म्हणून ढकलू नकोस, औषध बदलून नीट बसायला महिने लागतात.

प्रश्न: सर/मॅडम, कार्बामॅझेपिनचा डोस वाढवला आणि तिसऱ्या दिवशी लेव्हल केली, ठीक आली. महिन्याने परत केली तर कमी! मी एकही गोळी चुकवलेली नाही तरी घरचे माझ्याकडे संशयाने बघतायत.

उत्तर: दादा, घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. कुठलंही औषध रोज घेतलं की ते रक्तात साठत जातं आणि त्याच वेळी बाहेरही पडत असतं, खाली गळती असलेल्या टाकीत वरून नळ चालू ठेवावा तसं, काही काळाने पाणी एका पातळीला स्थिरावतं. ते स्थिरावायला औषधाच्या अर्ध्या आयुष्याच्या, म्हणजे निम्मं औषध शरीरातून जायला लागतो त्या वेळेच्या, चार ते पाच पट वेळ लागतो. लिथियमला त्यामुळे ५ ते ७ दिवस, आणि फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळीला तर काही आठवडे. तिसऱ्या दिवशीच्या टेस्टला म्हणूनच फारसा अर्थ नव्हता.

कार्बामॅझेपिनची अजून एक खोड आहे, ते स्वतःला मोडणारं एन्झाइमच वाढवतं. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती आपोआप मोठी होत जाते आणि लेव्हल उतरते, हे अगदी अपेक्षित आहे. तुम्ही गोळी चुकवलेली नसतानाही असंच होणार होतं. आणि हे वाढलेलं एन्झाइम दुसऱ्या औषधांनाही भराभर मोडतं, गर्भनिरोधक गोळ्यांसकट, हे बायकांनी विशेष लक्षात ठेवा.

प्रश्न: मला आणि माझ्या सख्ख्या भावाला दोघांनाही डिप्रेशनसाठी नॉरट्रिप्टिलिन दिलंय. त्याला ५० चा डोस पुरतो, मला १०० देऊनही लेव्हल त्याच्यापेक्षा कमी. वजन जवळपास सारखं. डॉक्टर चुकतायत का?

उत्तर: नाही, तुमच्या बाबतीत डॉक्टर अगदी चांगलं काम करतायत, लेव्हल बघून डोस देतायत. नॉरट्रिप्टिलिन मोडणारं एन्झाइम (त्याचं नाव सीवायपी २डी६) प्रत्येकाला जीनमधून मिळतं आणि सख्ख्या भावंडांतही ते वेगळं असू शकतं. काहींत ते काम करतच नाही, काहींत जीनच्या जास्तीच्या प्रती असतात आणि औषध टिकतच नाही. त्यामुळे एकच डोस घेऊन लेव्हलमध्ये कित्येक पटींचा फरक पडतो. भावाची गोळी तुम्हाला आणि तुमची त्याला कधीच द्यायची नाही हे यातून आलंच, घराघरांत हे सर्रास चालतं म्हणून लिहिलं.

या औषधाची गंमत अशी की नुसतं जास्त म्हणजे चांगलं असं इथे चालत नाही. १९७१ मध्ये स्वीडनमध्ये मारी ओस्बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लेव्हल फार कमी असेल तरी फायदा नाही आणि एका मर्यादेच्या वर गेली तरी फायदा कमी होतो, मधला एक पट्टाच उपयोगाचा, तो साधारण ५० ते १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर धरतात. वर गेलं तर हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होतो म्हणून ईसीजी. जीनची टेस्ट करू का असं पुढे विचाराल तर, ती आयुष्यात एकदाच करावी लागते आणि शरीराची ठेवण सांगते, पण आज तुम्ही पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन घ्यायला लागलात तर तेच एन्झाइम दबतं आणि जीनचा रिपोर्ट काहीही म्हणत असला तरी लेव्हल चढते. आत्ता रक्तात काय आहे ते लेव्हलच सांगते.

प्रश्न: माझी मुलगी २२ वर्षांची आहे. गोळ्या घेते म्हणते पण मला खात्री नाही. दुसऱ्या कुठल्या तरी टेस्टच्या नावाखाली रक्त घेऊन तिच्या नकळत लेव्हल करता येईल का?

उत्तर: काका, तुमच्या पत्रातली काळजी मला दिसतेय, रात्री तिच्या खोलीतला दिवा बंद होईपर्यंत तुम्ही जागे असता असं तुम्ही लिहिलंय. तरी याचं उत्तर नाही असंच आहे. ती सज्ञान आहे, तिच्या रक्ताची कुठली तपासणी होतेय हे तिला माहीत असायला हवं. आणि ज्या दिवशी तिला हे कळेल, आणि ते कळतंच, त्या दिवशी ती तुमच्यावरचा, डॉक्टरांवरचा आणि गोळीवरचा असा तिन्ही विश्वास सोडेल.

शिवाय तुम्हाला हवं ते उत्तर त्या टेस्टमधून मिळेलच असं नाही. बहुतेक गोळ्यांची लेव्हल फक्त मागच्या काही दिवसांचं सांगते. महिनाभर न घेता टेस्टच्या आधी आठवडाभर नेमाने घेतली तर आकडा छान येतो. औषध अजिबात सापडलं नाही तर अलीकडे घेतलेलं नाही असं म्हणता येतं, पण कमी सापडलं तर ती चुकवते म्हणूनच असं धरता येत नाही, वरची दोन पत्रं वाचा, न चुकवताही लेव्हल कमी येण्याची कारणं त्यात आहेत.

त्यापेक्षा तिला विचारा, पण "घेतेस ना?" असं नाही, कारण त्याला "हो" एवढंच उत्तर असतं. "गोळीचा त्रास काय होतो तुला?" असं विचारा. वजन वाढलंय, सकाळी डोकं जड असतं, कॉलेजात झोप येते, पाळी पुढे गेलीय, डबी कोणी बघेल याची भीती वाटते, मुली यासाठी गोळ्या सोडतात आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर डॉक्टर काहीतरी करू शकतात, डोसची वेळ बदलून, औषध बदलून. रोजची गोळीच नकोशी झाली असेल तर काही औषधं दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यायच्या इंजेक्शनमध्ये मिळतात, तिच्या आजाराला ती चालणार असतील तर तेही तिच्यासमोर ठेवता येईल. आणि लेव्हल करायचीच असं तिच्या डॉक्टरांना वाटलं तर ते तिला सरळ सांगतील की गोळी घेऊनही तुझ्या शरीरात ती पुरेशी टिकते का ते बघूया. असं विचारलं तर बरीच मुलं स्वतःच सांगून टाकतात की मध्ये थोडे दिवस घेतलेल्या नाहीत. तिने तसं सांगितलं तर तुम्ही तिथे रागावू नका, तेवढं सांभाळा, पुढचं डॉक्टरांना बोलू द्या.